जोतीरावांचा उजवा हात आणि आपल्या गल्लीतलं ‘वारं’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक काम सांगणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतले एक काका सकाळी नेहमीसारखे उठले, दात घासले, चहाला बसले. साडेसहाच्या सुमारास त्यांच्या हातातून कप पडला. घरच्यांना वाटलं, हात अवघडला असेल. थोड्या वेळात बोलणं बोबडं झालं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “अंगावरून वारं गेलंय, गरम तेल चोळा.” तेल चोळलं. एकाने सांगितलं म्हणून उतारा टाकला. अकराला जवळचा दवाखाना उघडला, तिथे सुई मारली, “मोठ्या दवाखान्यात न्या” म्हणाले. मग पैशांची जमवाजमव, मुलगा कामावरून यायची वाट. दुपारी तीनला मोठ्या दवाखान्यात पोचले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “हे किती वाजता झालं?” उत्तर ऐकून ते क्षणभर काहीच बोलले नाहीत.

काका वाचले. पण रिक्षा चालवायचे, आता उजवा हात उचलत नाही. रिक्षा विकली. काकू दोन घरची कामं करायच्या, आता पाच घरची करतात.

“हे किती वाजता झालं?” या एका प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यात आणि येरवड्यात घडलाय. तोच आज सांगतो.

*१८८८ : मोजायला यंत्रच नव्हतं*

महात्मा जोतीराव फुले आपल्याला शाळा काढणारे, सत्यशोधक समाज उभारणारे म्हणून माहीत आहेत. ते कंत्राटदारही होते हे कमी लोकांना माहीत असतं. त्यांच्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची कामं सांगताना कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल ही दोन नावं हमखास घेतली जातात. म्हणजे आपण रोज नदी ओलांडून ‘गावात’ जातो, त्या वाटेशी या माणसाचा संबंध आहे.

१८८८ हे वर्ष जोतीरावांसाठी फार धावपळीचं होतं. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि साहेबाला गरीब रयतेची आठवण करून दिली. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला, लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. त्यानंतर दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय ६१. शरीराची उजवी बाजू गेली.

उपचार करत होते त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले. शिकलेले, नावाजलेले शल्यविशारद, सत्यशोधक चळवळीतला आपलाच माणूस. पण घोल्यांच्या हातात होतं काय? नाडी बघता येत होती. छाती ऐकता येत होती. रक्तदाब मोजता येत नव्हता, कारण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी दाखवलं ते १८९६ मध्ये, आणि रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा आकडा ऐकायची रीत सांगितली ती १९०५ मध्ये. तेव्हा जोतीरावांचा रक्तदाब किती होता, झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे कुणालाच कळण्याचा मार्ग नव्हता. आज आपणही ते ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. एवढंच म्हणता येतं की त्या काळचा उत्तम डॉक्टर उशाशी बसलेला असूनही त्याच्या हाती औषध नव्हतं. विश्रांती, शुश्रूषा आणि वाट बघणं.

उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ असा लिहून पुरा झाला. तो छापून आला १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शेवटची दोन वर्षं पैशाचीही ओढाताण होती. मामा परमानंदांनी १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या माणसाला मदत करा असं कळवलं होतं. या सगळ्या काळात घर आणि आजारपण सावित्रीबाईंनी निभावलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

पक्षाघात झालेल्या घरात तेव्हा जे व्हायचं तेच आजही होतं हे बघा. कमावणारा हात जातो, पैसा आटतो आणि घरातली बाई सगळं अंगावर घेते. आमच्या गल्लीतल्या काकूंचं वेगळं काय झालं?

*‘वारं’ हा शब्द आला कुठून*

आता आपल्या शब्दाकडे येऊ. “अंगावरून वारं गेलं” याला अडाणीपणा म्हणून हसू नका. त्यामागे जुनं शास्त्र आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात ‘पक्षवध’ म्हणजे अंगाची एक बाजू निकामी होणं सांगितलंय. वात म्हणजे वारा. अर्धांगवायू या शब्दातही वायू आहेच. त्या काळच्या लोकांनी डोळ्यांना दिसलं ते नीट टिपलं होतं, फक्त आत काय होतं ते बघायची सोय नव्हती.

युरोपातही वेगळं नव्हतं. इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. देवाने किंवा दैवाने मारलेला फटका, अशीच समजूत. १६५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेप्फर यांनी अशा आजाराने मेलेल्यांची शवं तपासून मेंदूत रक्त साकळलेलं असल्याचं लिहिलं. पुढे १९व्या शतकात जर्मनीच्या फिर्शो यांनी रक्ताची गुठळी कशी होते आणि वाहत जाऊन पुढे कशी अडकते ते दाखवलं.

थोडक्यात, बाहेरून काही येत नाही. बिघाड मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो, आणि तो दोन तऱ्हेचा.

पहिली तऱ्हा, वाहिनी तुंबते. गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरायला लागतो. ही गुठळी मानेतल्या किंवा मेंदूतल्या चरबी साठलेल्या वाहिनीत तयार होते, नाहीतर हृदयातून वाहत येते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली असेल, तर हा धोका तरुणपणीही असतो.

दुसरी तऱ्हा, वाहिनी फुटते. मेंदूत रक्तस्राव होतो. याचं सगळ्यात मोठं कारण वर्षानुवर्षं अंगावर काढलेला रक्तदाब.

मुंबईत डॉ. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वस्तीतल्या झटक्यांची मोजणी करून २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्यांदाच झटका आलेल्या १०० जणांमागे साधारण ८० जणांची वाहिनी तुंबलेली होती आणि १८ जणांचा रक्तस्राव होता. १०० पैकी जवळजवळ ३० जण २८ दिवसांच्या आत दगावले. हे आकडे जवळच्या मुंबईतले आहेत, परदेशातले नाहीत.

*१९३२ आणि १९४४ : यंत्र आलं, औषध नव्हतं*

आता नदीच्या अलीकडे, आपल्या भागात या.

सप्टेंबर १९३२. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण. २० तारखेला सुरू झालं, २४ ला पुणे करार झाला, २६ ला उपोषण सुटलं. कराराबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं आहेत, ती असू द्या. इथे मुद्दा आरोग्याचा आहे. तेव्हा कैदी गांधींभोवती डॉक्टर होते, रक्तदाबाचं यंत्र होतं आणि आकड्यांवर सगळ्या देशाचं लक्ष होतं. जोतीरावांच्या काळात जे दिसत नव्हतं ते आता पाऱ्यावर दिसत होतं.

गांधीजींचा रक्तदाब चढत असे, ही ऐकीव गोष्ट नाही. त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने काढलेल्या विशेषांकात छापल्या आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११०. आज असा आकडा आला तर डॉक्टर ताबडतोब उपचार सुरू करतील, दाखल व्हा म्हणतील. माणूस रोज मैलोनमैल चालणारा, अंगावर चरबी नाही, विडी-दारू नाही, जेवण अगदी साधं. तरी रक्तदाब. म्हणजे “मी सडपातळ आहे, मला कसलं बीपी” हे म्हणणं तिथेच खोटं ठरतं.

१९४२ च्या ऑगस्टपासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी आपल्या नगर रोडवरच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई तिथेच गेले, कस्तुरबाही फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथेच गेल्या. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर स्वतः राजबंदी होते, त्यांना येरवड्याच्या तुरुंगातून पॅलेसमध्ये आणून ठेवलं होतं. म्हणजे तज्ज्ञ शेजारच्या खोलीत, यंत्र हाताशी.

त्याच सुमारास, मार्च १९४४ मध्ये, जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला तपासणं चालू होतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. डॉ. ब्रुएन यांनी मोजला तेव्हा रक्तदाब १८६/१०८. डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा. याहून फार काही देण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट “डोकं भयंकर दुखतंय” म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव. तेव्हाचा रक्तदाब ३०० च्या वर.

आगाखान पॅलेसमधला कैदी आणि व्हाइट हाउसमधला अध्यक्ष, दोघांनाही खात्रीची गोळी मिळू शकत नव्हती, कारण ती जगात कुठेच नव्हती. गांधीजींना पक्षाघात झाला नाही, रूझवेल्ट त्यातच गेले. यावरून कुणी म्हणेल, “बघा, गांधींचं २२० होतं, काही झालं का?” अहो, हेल्मेट न घालता वीस वर्षं गाडी चालवणारेही सापडतात. म्हणून कुणी पोराला बिनहेल्मेटचं पाठवत नाही.

*१९४९ : औषध मुंबईतून*

आता अभिमानाची गोष्ट.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती रक्तदाबावर चालते असं लिहिलं. गांधीजीही ती घेत असं सांगतात. पण जगाला पटेल अशी रीतसर चाचणी केली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे बघायला लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनचे दुष्परिणाम होते, काहींचं मन फार उदास व्हायचं. म्हणून पुढे त्याहून चांगल्या गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. पण रक्तदाब गोळीने खाली आणता येतो हे आधी दिसलं ते अशा औषधांमुळे. १९६७ आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचण्यांनी पुढचा प्रश्न सोडवला. रक्तदाब उतरवला की पक्षाघात खरोखर कमी होतात.

मंडळी, इथे थांबून विचार करा. जोतीरावांना जे मिळालं नाही, रूझवेल्टना जे मिळालं नाही, ते आज आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. सरकारी दवाखान्यात मोफत देण्याची योजना आहे. देशपातळीवर रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. आणि आपण काय करतो? “डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?” किंवा “एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते” असं म्हणून पाकीट फळीवर ठेवून देतो. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. आणि जन्मभर गोळी घेणं जड की जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवणं जड, हे काकांना विचारा.

*१९७१ ते आज : औषधही आलं, घड्याळही आलं*

झटका येण्याआधीचं झालं. झटका आल्यावर काय?

१९७१ पर्यंत जिवंत माणसाच्या मेंदूत वाहिनी तुंबली की फुटली हे खात्रीने सांगणं फार अवघड होतं. त्या वर्षी १ ऑक्टोबरला लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यांना १९७९ मध्ये कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. सीटीमुळे दोन्ही तऱ्हा काही मिनिटांत वेगळ्या ओळखता यायला लागल्या.

मग १९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तुंबलेल्या वाहिनीच्या झटक्यात पहिल्या तीन तासांत ते दिलं तर अपंगत्व कमी होतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते असं दिसलं. २०१५ मध्ये एकामागून एक चाचण्यांनी दाखवलं की मोठी वाहिनी तुंबली असेल तर मांडीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१८ पासून काही निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात. आज पुण्यात या सोयी आहेत.

पण मुदत आहे म्हणून सावकाश जायचं नसतं. मोठी वाहिनी तुंबली असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात असा एका अमेरिकन डॉक्टरांचा हिशोब आहे. तेल कोमट व्हायला दहा मिनिटं लागतात. गुणाकार तुम्हीच करा.

म्हणून तो डॉक्टर विचारत होता, “हे किती वाजता झालं?” काकांच्या घरापासून ससूनला सकाळच्या वेळी पाऊण तास पुरला असता. साडेसहाला निघाले असते तर सव्वासातला पोचले असते. पोचले तीनला. साडेआठ तास. इंजेक्शन असूनही काकांच्या कामाचं उरलं नव्हतं.

*तेलवाल्याला श्रेय का मिळतं*

आता रागावू नका, पण हे बोलायलाच हवं. “अमक्याच्या मामांना त्या गावच्या बाबाने बरं केलं” हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. सांगणारे खोटं बोलत नाहीत. मग हे होतं कसं?

एक, छोटा झटका. गुठळी येते, अडकते आणि आपोआप सुटते. हात लुळा पडतो, बोलणं जातं आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होतं. त्या अर्ध्या तासात तेल चोळलं असेल तर श्रेय तेलाला. खरं तर ही शेवटची सूचना असते. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. “बरं वाटतंय आता” म्हणून घरी बसणं हीच सगळ्यात मोठी चूक.

दोन, तोंडाचा लकवा. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. यात मेंदूचा संबंध नसतो आणि बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. श्रेय बाबाला. पण हा लकवा की तो झटका, हे डॉक्टरने ठरवायचं, आपण नाही.

तीन, खऱ्या झटक्यानंतरही पहिल्या काही महिन्यांत मेंदू थोडंफार परत मिळवतो. व्यायामाने, फिजिओथेरपीने जास्त मिळवतो. जोतीरावांचा डावा हात आठवा. मालिश करायची असेल तर नंतर खुशाल करा, माणसाला बरं वाटतं. फक्त दवाखान्यात जायच्या आधी नको.

*ओळखायचं कसं*

चार गोष्टी पाठ करा, पोरांनाही शिकवा.

चेहरा : हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय?
हात : दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली घसरतोय?
बोलणं : एखादं सोपं वाक्य म्हणायला सांगा. बोबडं येतंय, शब्द सापडत नाहीत?
वेळ : यातलं एक जरी असेल तरी घड्याळ बघा आणि निघा.

अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, हेही त्यातच धरा. माणूस झोपेतून असाच उठला असेल तर शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ सांगा, आणि उशीर झालाय असं समजून घरी थांबू नका.

१०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा करा, पण सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा, मधल्या तीन दवाखान्यांत थांबू नका. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, घशात अडकतं. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका. वाहिनी फुटली असेल तर ती घातक ठरते, आणि फुटली की तुंबली हे सीटीशिवाय डॉक्टरलाही कळत नाही. रुग्णाच्या चालू गोळ्यांची पाकिटं, शुगर-बीपीची फाइल आणि आधार-रेशन कार्ड सोबत घ्या.

*टाळायचं कसं*

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजा. १४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि गोळी चालू झाली तर मनाने बंद करू नका. शुगर तपासा. दिवसाला सगळं मिळून एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, वडापावसोबतची मीठ लावलेली मिरची यातच ते संपतं. तंबाखू, विडी, सिगारेट सोडा. आणि बायांनो, मशेरीही तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नाही. दारूने रक्तदाब चढतो. नाडी वेडीवाकडी चालत असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर हृदय तपासून घ्या. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत काही घरांत अजून आहे, ती बंद करा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका त्या काळात असतोच.

*आणि आता काम*

महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य योजनेला २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे. ज्या माणसाची शेवटची दोन वर्षं पक्षाघाताने आणि पैशाच्या ओढाताणीने गेली, त्याचंच नाव. नाव योग्य दिलंय. आता त्याला शोभेल असं काम व्हायला हवं. योजनेत कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार बसतो हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येतं, पण ते पहाटे झटका आल्यावर विचारायचं नसतं.

म्हणून माझी महापालिकेकडे आणि आपल्या भागातल्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे साधी मागणी आहे. येरवड्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या, शाळेच्या आणि रिक्षा स्टँडच्या भिंतीवर एक बोर्ड लावा. वर चार खुणा : चेहरा, हात, बोलणं, वेळ. खाली चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं अशा जवळच्या रुग्णालयांची नावं, फोन नंबर आणि तिथे फुले योजना चालते की नाही. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या खर्चात असे कितीतरी बोर्ड होतील.

मंडळांनाही सांगणं आहे. गणपतीत आरोग्य शिबिर घेता, चांगलं करता. पण एक दिवस बीपी मोजून सोडून देऊ नका. ज्यांचं जास्त आलं त्यांची यादी ठेवा आणि महिन्याने घरी जाऊन विचारा, “काका, गोळी चालू आहे ना?”

रिक्षावाल्या भावांनो, ही पोस्ट तुमच्या ग्रुपवर टाका. पहाटे दार ठोठावून उठवतात ते तुम्हालाच. भाडं न ठरवता आधी गाडी काढा आणि वाटेत विचारून ठेवा, “किती वाजता झालं?”

घोल्यांकडे यंत्र नव्हतं, ब्रुएनकडे औषध नव्हतं. आपल्याकडे दोन्ही आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या मोठ्या माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, तेवढं विचारा. आठवत नसेल तर उद्या सकाळी घेऊन जा.

तुमच्या जवळच्या रुग्णालयाची खात्रीची माहिती असेल तर कमेंटमध्ये लिहा. बोर्ड लागेपर्यंत यादी आपणच तयार करू.